शस्त्रक्रियेच्या चित्रफितींची शहानिशा

गेल्या वर्षी दिवाळी सरल्यावर एका सायंकाळी, जिंतूरमधील आमच्या शेजारच्या ओसरीवर, घरची लहानथोर सातआठ माणसे एका मोबाइल फोनच्या वीतभर पडद्याकडे टक लावून बसली होती. घरातील मावशींच्या पोटाची सोनोग्राफी परभणीस झाली होती, तिच्या अहवालात पित्ताच्या पिशवीत खडे असल्याचा मजकूर होता, आणि पुण्यास नोकरीला असलेल्या भाच्याने, मावशींचे भय जावे या सद्धेतूने, ‘दुर्बिणीतून’ पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेची एक चित्रफीत पाठवून दिली होती. सहासात मिनिटांत सारे आटोपले: लकाकणाऱ्या लांब चिमट्यांनी पिवळट चरबी बाजूला झाली, दोन नळ्यांवर धातूच्या चिमुकल्या क्लिपा बसल्या, कात्रीने त्या नळ्या छेदल्या गेल्या, हिरवट पिशवी यकृतापासून सुटून एका थैलीत पडली, आणि मंजुळ वाद्यसंगीताच्या साथीने पडद्यावर आभाराची पाटी आली. मंडळींनी निःश्वास सोडला. मावशी मात्र काही वेळ स्तब्ध राहिल्या आणि मग म्हणाल्या, “समदं दिसलं रे बाबा, पण माझी पिशवी काढावीच लागतीय का, हे ह्यात कुठं सांगितलंय?”

अक्षरओळख बेताचीच असलेल्या त्या माउलीने विचारलेला हा प्रश्न, शस्त्रक्रियेच्या ज्या असंख्य चित्रफिती आज खेड्यापाड्यांतील फोनांवर पोचल्या आहेत, त्यांची वैद्यकीय माहिती या नात्याने प्रत काय, याची खरी कसोटी आहे असे मला वाटते. शस्त्र कसे चालते हे चित्रफीत दाखविते. ते का चालवावे, केव्हा आवरावे, आणि चालविल्यानंतर रोग्याचे पुढे काय झाले, हे ती बहुधा सांगत नाही. आणि रोगी व त्याचे आप्त यांना निर्णय घेण्यास जे लागते, ते नेमके याच न सांगितलेल्या भागात असते.

शस्त्रक्रिया दुरून पाहणाऱ्यास ती समजावी अशा रीतीने तिचे वर्णन व चित्र प्रसिद्ध करण्याचा प्रघात नवा नाही. त्याचे एक अत्यंत सुंदर उदाहरण आपल्या पुण्याजवळ घडलेले आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेकडे बैल हाकणारा कावसजी नावाचा एक इसम, ज्यास समकालीन वृत्तांतात मराठा शेतकरी म्हटले आहे, शत्रूच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळ वीट भाजणाऱ्या जातीतील एका कसबी इसमाने त्याच्या कपाळाच्या त्वचेपासून त्यास नवे नाक करून दिले, आणि मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात तिचा सचित्र वृत्तांत छापून आला. मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या खुंटावर बसवून तोच कपाळावर सपाट करून त्याची रेषा कशी आखावी, रक्ताचा ओघ राहावा म्हणून दोन डोळ्यांमधील त्वचेची चिंचोळी पट्टी कशी अखंड ठेवावी, उलटविलेली त्वचा काताच्या लेपाने कशी चिकटवावी, पहिले पाचसहा दिवस रोग्यास उताणे का निजवावे, दहाव्या दिवसाच्या सुमारास नाकपुड्यांत मऊ कापड का घालावे, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी का छेदावी, हे सर्व त्यात क्रमाने नमूद केलेले आहे. रोगी कोण, त्याची अवस्था पूर्वी काय होती, साक्षीदार कोण, कृती कोणती आणि शेवट काय झाला, या पाचही गोष्टींचा जबाब त्या एका वृत्तांतात मिळतो.

त्या वृत्तांतावर लंडनमधील जोसेफ कार्प्यू याने काय केले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. मजकूर वाचला आणि दुसऱ्या दिवशी शस्त्र उचलले, असे त्याने केले नाही. हिंदुस्थानात राहून आलेल्या लोकांकडे त्याने कसून चौकशी केली, मृतदेहांवर हात बसविला, योग्य रोगी मिळेपर्यंत धीर धरला, आणि वृत्तांत प्रसिद्ध झाल्यावर तब्बल वीस वर्षांनी, १८१४ च्या ऑक्टोबरात, ती शस्त्रक्रिया प्रथम केली. तिचे पुस्तक १८१६ साली काढले. उत्तम माहिती आणि ती वापरण्याची अधिकारसंपन्न सावधगिरी यांचा असा संयोग झाला म्हणूनच पुण्याच्या त्या अनाम कारागिराची विद्या जगाच्या शल्यशास्त्रात प्रतिष्ठा पावली.

पुढे चलच्चित्राचा शोध लागला, आणि त्याच्याबरोबर एक नवे वैगुण्यही आले. पॅरिसचा शल्यचिकित्सक यूजीन द्वाएन याने १८९८ साली आपल्या शस्त्रक्रियांचे चित्रण करवून घेतले. त्याचा हेतू शिक्षणाचा होता, आणि आपलेच हात पडद्यावर पाहून स्वतःच्या हालचाली सुधारता येतात असाही त्याचा अनुभव होता. १९०२ च्या फेब्रुवारीत त्याने ओरिसातून युरोपात नेलेल्या राधिका व दुधिका या जन्मतः जोडलेल्या दोन मुलींना विलग केले आणि त्याचेही चित्रण झाले. द्वाएनच्या अशा चित्रपटांच्या प्रती त्याच्या छायाचित्रकाराने परस्पर काढून विकल्या, त्या जत्रांतील तंबूंत दाखविल्या जाऊ लागल्या, आणि अखेर द्वाएनला अदालतीत फिर्याद करून १९०५ साली निकाल मिळवावा लागला. चित्रपटात दोन मुली वेगळ्या झालेल्या दिसत. परंतु त्यांपैकी दुधिका, जिला क्षयाने आधीच ग्रासले होते, ती शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत वारली आणि राधिकाही पुढल्या वर्षी गेली. आपल्या देशातील त्या दोन लेकरांची कथा मला नेहमी व्यथित करते, कारण शस्त्रक्रियेच्या चित्रफितीचा मूळ दोष तिच्यात संपूर्ण सामावलेला आहे: कॅमेरा थांबतो त्या क्षणी शस्त्रक्रिया यशस्वी असते, आणि रोग्याचे आयुष्य मात्र त्यानंतर पुढे चालू राहते.

आपल्याकडे या विषयास खरी व्याप्ती आली ती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेमुळे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतोन उदवाडिया यांनी १९९० साली भारतातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. या पद्धतीत पोट उघडले जात नाही; बेंबीजवळील छिद्रातून आत गेलेल्या कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर पडते आणि शल्यचिकित्सक स्वतःही त्या पडद्याकडे पाहूनच हात चालवितो. म्हणजे प्रत्येक शस्त्रक्रिया जन्मतःच चित्रफीत असते. ती साठविणे आणि प्रसृत करणे यास वेगळे कष्ट पडत नाहीत. २००५ साली यूट्यूब निघाल्यानंतर तर ती जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात, जिंतूरच्या ओसरीवरसुद्धा, विनामूल्य पोचू लागली.

आता मावशींच्या घरी पाहिलेल्या शस्त्रक्रियेतील एका क्षणाकडे जरा जवळून पाहू. पित्ताशय ही यकृताच्या खालच्या बाजूस चिकटलेली, पित्त साठविणारी पिशवी. तिची स्वतःची एक बारीक नळी यकृताकडून आतड्याकडे जाणाऱ्या मुख्य पित्तनलिकेस मिळते. पिशवी काढताना ही बारीक नळी आणि पिशवीची रक्तवाहिनी एवढ्या दोनच गोष्टी कापावयाच्या असतात. परंतु सूज, चरबी आणि जुने व्रण यांमुळे मुख्य पित्तनलिकाच बारीक नळी असल्याचा भास होऊ शकतो, आणि ती चुकून छेदली गेली तर पोटात पित्त झिरपणे, कावीळ, पुन्हापुन्हा शस्त्रक्रिया अशी आपत्परंपरा रोग्यामागे लागते. हजार शस्त्रक्रियांत साधारणतः तीन ते पाच रोग्यांवर हा प्रसंग येतो. तो टळावा म्हणून अमेरिकन शल्यचिकित्सक स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली एक दंडक घालून दिला: कात्री चालविण्यापूर्वी यकृत व नळ्या यांमधील त्रिकोण चरबी आणि तंतूंपासून स्वच्छ झालेला असावा, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटा झालेला असावा, आणि पिशवीत शिरणाऱ्या दोन व दोनच रचना स्पष्ट दिसाव्यात. या तीन अटी पुऱ्या झाल्याविना काहीही कापू नये. त्या पुऱ्या होत नसतील तर शस्त्रक्रियेची दिशा बदलावी, प्रसंगी पोट उघडावे, आणि पोट उघडणे हा पराभव न मानता शहाणपण मानावे.

अमेरिकेतील शल्यचिकित्सकांनी २०१७ साली लोकांसाठी खुल्या असलेल्या अशा शंभराहून अधिक चित्रफिती या तीन अटींच्या मोजमापाने तपासल्या. एका अटीस दोन, असे सहा गुण. आणि सरासरी तीन गुणही भरले नाहीत. कात्री चालविण्यापूर्वी जे दिसावयास हवे ते पुरते दिसते अशा चित्रफिती अगदी थोड्या निघाल्या. चित्रफीत किती जणांनी पाहिली वा वाखाणली याचा आणि तिच्यातील सुरक्षिततेचा काही मेळ बसला नाही. या निष्कर्षाचा अर्थ सर्वसामान्य वाचकाने नीट मनावर घ्यावयास हवा. लाखो लोकांनी पाहिले हा लोकप्रियतेचा दाखला आहे, गुणवत्तेचा नाही. आणि पडद्यावरचा हात सफाईदार आहे यावरून तो हात सावध आहे असे ठरत नाही, कारण सावधपणा बहुधा थांबण्यात असतो आणि थांबण्याचे क्षण संपादनाच्या वेळी प्रथम कापले जातात.

शिकणाऱ्या डॉक्टरांपुरते पाहिले, तर या चित्रफितींनी उपकार केले आहेत हे निःशंकपणे म्हटले पाहिजे. दूरच्या गुरूचा हात ज्यास कधी पाहावयास मिळाला नसता, अशा नांदेडच्या वा अंबाजोगाईच्या विद्यार्थ्यास तो आज रात्रीच्या निवांत वेळी दहादा पाहता येतो. परंतु पाहणे आणि करणे यांमधील अंतर आपल्या पूर्वाचार्यांनी फार स्पष्टपणे ओळखले होते. सुश्रुतसंहितेत ‘योग्या’ म्हणजे हाताच्या सरावासाठी स्वतंत्र अध्याय आहे: छेदनाचा अभ्यास कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड अशा फळांवर करावा, वेधनाचा कमळाच्या देठावर, टाके घालण्याचा कापडावर व मऊ कातड्यावर, आणि सर्व शास्त्र पाठ असले तरी ज्याने योग्या केली नाही तो कर्मास अपात्र समजावा, असा त्याचा अभिप्राय आहे. हे तत्त्व पायदळी तुडविले की काय होते, याचे भयानक प्रत्यंतर २०२४ च्या सप्टेंबरात बिहारच्या सारण जिल्ह्यात आले. तेथे एका पंधरा वर्षांच्या मुलाचे पित्ताशय, यूट्यूबवरील चित्रफीत पाहत पाहत, डॉक्टर म्हणविणाऱ्या इसमाने काढावयास घेतले आणि मुलगा दगावला, अशी त्याच्या कुटुंबीयांची फिर्याद आहे.

शिक्षणासाठी केलेल्या चित्रफितीत काय असावे, याविषयी निरनिराळ्या देशांतील शल्यचिकित्सकांनी एकत्र येऊन २०१८ साली ‘लॅप-व्हेगास’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. करणारा कोण व कोणत्या संस्थेतील, रोग्याचे वय, आजार व शस्त्रक्रियेचे कारण काय, उपकरणे कोठून आत घातली, टप्पे कोणत्या क्रमाने झाले, किती वेळ लागला, गुंतागुंत झाली काय, आणि रोग्याची ओळख झाकली आहे काय, यांचा खुलासा त्यांत मागितलेला आहे. १७९४ च्या त्या पुण्याच्या वृत्तांताशी ही यादी ताडून पाहावी. सव्वादोनशे वर्षांनी तज्ज्ञांनी जे मागितले, त्यातील बहुतेक त्या जुन्या पानांवर आढळते.

परंतु रोग्याची गरज विद्यार्थ्याच्या गरजेहून वेगळी आहे. विद्यार्थ्याने ‘कसे’ विचारावे आणि रोग्याने ‘का’ विचारावे, हा विवेक ढळला की काय अनर्थ होतो हे आमच्या मराठवाड्यास ठाऊक आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाने ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी करविली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतील कित्येक ऐन तारुण्यातल्या होत्या. ‘पिशवी काढली की कटकट मिटली’ हे वाक्य आमच्या भागातील बायका एकमेकींस सहज सांगतात. त्या शस्त्रक्रियेची उत्तमातील उत्तम चित्रफीत त्यांपैकी एखादीस कोणी दाखविली असती, तरी औषधाने भागते का, थांबता येते का, बीजकोश राहणार की जाणार, ते गेल्यास अकाली पाळी जाऊन हाडे ठिसूळ होतील का, यांतील एकाही शंकेचे निरसन तीतून झाले नसते.

या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एक स्वच्छ मोजपट्टी देऊन ठेवली आहे. दुर्बिणीने केवळ तपासणी करण्यास संमती दिलेल्या एका स्त्रीची गर्भपिशवी, ती भुलीखाली असताना, काढून टाकल्याच्या दाव्यात २००८ च्या जानेवारीत न्यायालयाने ठरविले की, संमती खरी व्हावयाची तर डॉक्टराने रोग्यास उपचाराचे स्वरूप, त्याचा हेतू व लाभ, पर्याय असल्यास ते पर्याय, महत्त्वाचे धोके, आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम, यांची पुरेशी माहिती दिली पाहिजे. हा दंडक डॉक्टरांसाठी आहे. पण तोच चित्रफितीस लावून पाहावा असे माझे सांगणे आहे. मावशींच्या ओसरीवरील ती चित्रफीत या मापाने मोजली, तर पाचांपैकी केवळ एका कलमाचा, म्हणजे स्वरूपाचा, जबाब तीत मिळतो, आणि तोही तांत्रिक अंगाने. उरलेल्या चार कलमांविषयी ती पूर्ण मौन पाळते. आणि त्या चार कलमांतच मावशींच्या प्रश्नाचे उत्तर होते: पोटदुखीचा काहीएक त्रास नसताना केवळ सोनोग्राफीत योगायोगाने आढळलेले पित्ताशयातील खडे बहुतेक रोग्यांत काढावे लागत नाहीत, हे वैद्यकातील सर्वमान्य मत आहे.

लाभापोटी केलेल्या चित्रफितींची खातरजमा तर अधिकच दक्षतेने करावी लागते. ‘लेसरने मोतीबिंदू’ हे शब्द आपण पाट्यांवर आणि पडद्यावर नित्य वाचतो. वस्तुतः प्रचलित ‘फेको’ पद्धतीत मोतीबिंदूचा चुरा श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या कंपनाने होतो, जी युक्ती अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली प्रथम वापरली. शब्दातच असा घोळ असेल तर पुढील मजकुरावर किती विसंबावे, हे प्रत्येकाने ठरवावे. आरोग्यविषयक माहितीसाठी १९९७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मुखपत्रात चार साध्या अटी मांडल्या गेल्या: माहिती देणारा कोण, त्याचे आधार कोणते, खर्च व हितसंबंध कोणाचे, आणि माहिती केव्हाची. त्या आजही चोख लागू पडतात. आपल्या डॉक्टरांवर २००२ च्या आचारनियमांप्रमाणे चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक घालण्याचे बंधन आहे, आणि ज्यावरून रोगी ओळखू येईल असे छायाचित्र त्याच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. चित्रफितीत डॉक्टराचे नाव, क्रमांक व तारीख नसेल, पण रोग्याचा चेहरा मात्र असेल, तर ती माहिती म्हणून बाद समजावी. तालुक्याच्या गावी माणूस चेहऱ्यावरूनच काय, आवाजावरून आणि हातावरील गोंदणावरूनसुद्धा ओळखला जातो, हे चित्रण करणाऱ्यांनी विसरू नये.

हे सारे लिहिताना चित्रफितींवर बहिष्कार घालावा असे मला सुचवावयाचे नाही. ज्यास चार ओळी वाचता येत नाहीत त्यास हलते चित्र कळते. भुलीचे भय, टाक्यांचे भय, ‘पोट फाडतात’ या शब्दाचे भय, हे समजुतीने घालविण्याचे सामर्थ्य त्यात आहे. उणीव आहे ती आपल्या भाषेतील, आपल्या माणसांच्या प्रश्नांपासून आरंभ होणाऱ्या चित्रफितींची. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, नांदेड व अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांच्यातील अध्यापक रोज शेकडो रोग्यांना तोंडी जे समजावून सांगतात, तेच दहा मिनिटांच्या मराठी चित्रणात, त्या पाच कलमांच्या क्रमाने, नावागावासह आणि तारखेसह सांगतील, तर शस्त्रक्रियेचे एक थेंबही रक्त न दाखविता ते अधिक मोलाची माहिती देतील. पित्ताशयातील खडे, मुतखडा, अंतर्गळ, मूळव्याध, मोतीबिंदू आणि गर्भपिशवी, एवढ्या सहा विषयांपासून जरी प्रारंभ झाला, तरी मराठवाड्यातील लक्षावधी घरांवर उपकार होतील.

मावशींनी पुढे काय केले तेवढे सांगून थांबतो. भाच्याने एका कागदावर पाच प्रश्न लिहून दिले, तो कागद पदराच्या गाठीस बांधून त्या एस.टी.ने परभणीस गेल्या आणि डॉक्टरांपुढे त्यांनी तो ठेवला. त्यांना पोटदुखीचा त्रास कधी झालेला नव्हता. सोनोग्राफी वेगळ्याच कारणासाठी केली होती. डॉक्टरांनी सर्व प्रश्नांची शांतपणे उत्तरे दिली, तूर्त शस्त्रक्रियेचे कारण नाही असे सांगितले, आणि उजव्या बरगडीखाली कळ, ताप वा कावीळ यांपैकी काही उद्भवल्यास एक दिवसही न दवडता येण्याची ताकीद दिली. वाचकहो, आपल्या घरी शस्त्रक्रियेचा प्रसंग आला तर चित्रफीत अवश्य पाहा. पण रुग्णालयात जाताना हे पाच प्रश्न कागदावर लिहून बरोबर न्या: हे काय आहे, कशासाठी आहे, दुसरा उपाय कोणता, धोका किती, आणि केले नाही तर काय होईल. या पाचांची उत्तरे मिळाल्यावाचून संमतीच्या कागदावर सही वा अंगठा करू नका.